इंजिन थंड होईस्तोवर

पतिराम मडावी बोलत नसे, असं आज बोरटोल्यात कोणीही सांगेल. सांगणाऱ्यांनी त्याला उतारवयात पाहिलेलं असतं. मी शाळेवर मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा हा माणूस बोलून बोलून कान किटवायचा, आणि त्याचं सगळं बोलणं एकाच विषयावर असायचं. मालकांच्या मोटारीचं पाणी.

मालक म्हणजे यादोराव, आमच्या गावाचे मालगुजार. कोहमाऱ्यापासून अलीकडे आणि जंगलापासून पलीकडे, धानाच्या बांध्यांमध्ये बसलेलं आमचं गाव. तिथं यादोरावांनी कामठीच्या एका साहेबाकडून शर्यतीची मोटार विकत आणली. साहेब विलायतेला परत चालला होता, आणि त्याला ती कोणाच्या तरी गळ्यात मारायची होती. लांब नाकाची, बिनछताची, दोघंच बसतील अशी. तिच्यातून धान नेता येत नव्हतं, घरातली बायकामुलं नेता येत नव्हती, आणि पावसाळ्यात ती स्वतःच जाऊ शकत नव्हती. पण पंचक्रोशीत दुसऱ्या कोणाकडे अशी गाडी नव्हती, एवढं यादोरावांना पुरेसं होतं.

पहिल्याच आठवड्यात मालकांनी ती स्वतः चालवून बांधीत उतरवली. ती बैलांनी ओढून काढली, आणि दुसऱ्या दिवशी पतिरामला कामठीला त्या साहेबाच्या ड्रायव्हरकडे शिकायला धाडलं. पतिराम तोवर मालकांची दमणी, म्हणजे बैलांची हलकी गाडी, हाकायचा. त्याचा बाप जंगलात लाकूडतोडीला जाऊन म्हातारा झाला होता. मोटार चालवणारा त्यांच्या घराण्यातला, आणि बहुतेक त्यांच्या जातीतलाही, आमच्या भागात तो पहिलाच. परत आला तो खाकी कोट घालून. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्याची बायको मंगली त्या कोटाकडे बघून तोंडाला पदर लावून हसत होती, हे मला चांगलं आठवतं.

आता ह्या गाडीची खोड सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. साध्या मोटारीत इंजिनाच्या पुढे एक पंखा असतो. ह्या गाडीत तो नव्हता. ती पळण्यासाठी बनवलेली, आणि पळताना समोरून येणारा वारा हाच तिचा पंखा. पुढच्या जाळीत पाणी असायचं. ते वाऱ्यानं निवायचं आणि इंजिनात जायचं, तिथं तापून पुन्हा जाळीत यायचं. म्हणजे पळाली की थंड, आणि रेंगाळली की गरम. बैलाच्या अगदी उलट. मालकांना हे कधी पटलं नाही. गाडी तापली की ते ओरडायचे, "हळू घे, हळू!" आणि पतिराम मुकाट्यानं वेग वाढवायचा.

जाळीच्या टोपणावर एक गोल काच होती आणि तिच्यात ताप मोजायच्या नळीसारखी लाल रेघ. पतिरामची नजर रस्त्यावर कमी आणि त्या रेघेवर जास्त. "मास्तर, रेघ मधात पाहिजे," तो मला सांगायचा. "खालती राहिली तं तेल घट्ट राह्यते, इंजन झिजते. वर गेली तं पानी उकरते. मधात राहिली तं गाडी शंभर वर्षं चालते."

ती रेघ मधात ठेवण्यासाठी त्याचे नाना उद्योग चालायचे. पूस महिन्यात पहाटे मालक नागझिऱ्याकडे शिकारीला निघाले की तो जाळीवर गोणपाटाचा तुकडा बांधायचा, इंजिन ऊब धरेपर्यंत. चढाला इंजिनातली ठिणगी लवकर-उशिरा पाडणारी दांडी मागेपुढे करायचा. उताराला इंजिन मोकळं सोडायचा. थांबायचं झालं तर गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून थांबायचा, मग सावली मिळो न मिळो. आणि कामठीच्या ड्रायव्हरनं त्याला एक गोष्ट कान पिळून शिकवली होती. पाणी उकळलं की थांबायचं. टोपणाला हात लावायचा नाही. बोट टेकवता येईल इतकं इंजिन निवेपर्यंत आत थंड पाण्याचा थेंब टाकायचा नाही, कारण तापल्या लोखंडावर थंड पाणी पडलं की ते तडकतं. तडकलं की गाडी भंगारात. पतिरामनं हे देवाच्या आज्ञेसारखं मानलं. मी त्याची थट्टा करायचो. म्हणायचो, "पतिराम, एवढी काळजी बायकोची घेत असशील तर मंगली नशीबवान." तो लाजायचा.

मंगलीला दिवस गेले त्याच साली यादोरावांच्या मुलाचं लग्न ठरलं. वैशाखातलं लग्न. मुलीकडे लग्न लावून वरात दुसऱ्या दिवशी सकाळी गावाच्या शिवेवर येणार, आणि तिथून नवरानवरी मोटारीत बसून वाड्यापर्यंत मिरवत जाणार, असा बेत होता. त्याच्या आदल्या दिवसापासून मंगलीला कळा सुरू झाल्या. दुर्पता नावाची तिची मावशी सुईणपण करायची. तिनं रात्रभर होतं नव्हतं ते सगळं करून पाहिलं, आणि सकाळी पतिरामला बाहेर बोलावून सांगितलं, "माह्या हातचं नाई आता. गोंदियाले ने. तिथं डॉक्टरीन हाये."

पतिराम मालकांकडे गेला. ते स्वागताच्या तयारीसाठी पहाटेच वरातीच्या पुढे परतले होते. मी तिथंच पाहुण्यांच्या याद्यांत अडकलो होतो. मालक दुष्ट नव्हते. ते दुष्ट असते तर मला हे लिहायला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "अरे, ने की! वरात दारात लागली की तशीच घेऊन जा. पेट्रोल भरून ठेव." गावातले सगळे बैल वऱ्हाडाच्या दमण्यांना जुंपलेले होते. आणि बैलानं गोंदिया म्हणजे दुसरा दिवस उजाडला असता. मोटारीनं दोन तासांत. पतिरामनं हिशेब केला असणार. वरात तासाभरात संपेल, दुपारपर्यंत गोंदिया गाठू. तो "हो मालक" म्हणाला आणि गाडी काढायला गेला.

गाडी सजवायचं काम मालकांच्या आईनं, सावित्रीबाईंनी, अंगावर घेतलं होतं. ह्या बाईंनी थंडीत जाळीवर बांधलेलं गोणपाट पाहिलं होतं. त्यांची समजूत अशी की गाडीच्या तोंडाशी वस्त्र बांधायची रीतच असावी, आणि हा पोरगा कंजूषपणानं गोणपाट बांधतो. "घरच्या लक्ष्मीला आणायला जाणारी गाडी, आणि तिला गोणपाट?" असं म्हणून त्यांनी जरीकाठाचा नवा शेला जाळीवर आडवा ताणून बांधला. त्यावर आंब्याच्या डहाळ्यांचं जाड तोरण. त्यावर हळदकुंकू. नारळ फोडला. जाळीचं एक भोकसुद्धा उघडं राहिलं नाही.

पतिराम म्हणाला, "बाईसाहेब, हे सोडा लागते. वारा नाई भेटला तं इंजन तपन."

"शुभाची गाठ आहे. नवरी उंबऱ्याच्या आत आली की मी माझ्या हातानं सोडीन. तोवर कोणी हात लावायचा नाही."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी सावित्रीबाईंना समजावलं, तेव्हा त्या मला म्हणाल्या, "तुम्ही मुलांना पाढे शिकवा." मग तिथं कोणाचंच चाललं नाही.

वरात निघाली. पुढे डफडं, सनई, मागे बाया. मोटार मुंगीच्या पावलानं. दर दहा पावलांवर कोणीतरी नाचायला लागायचं की सगळं थांबायचं. डोक्यावर वैशाखाचं ऊन. मी बाजूनं चालत होतो आणि माझं लक्ष त्या लाल रेघेकडे होतं, कारण मंगलीचं गोंदियाला पोचणं तिच्यावरच होतं. रेघ मधात होती, मग वर सरकली, मग काचेच्या टोकाला गेली आणि दिसेनाशी झाली. टोपणातून वाफ निघाली. लोकांना वाटलं ही पण सजावटच आहे. पोरांनी टाळ्या पिटल्या. पतिरामनं इंजिन बंद केलं आणि चार गडी बोलावून गाडी ढकलत वाड्यापर्यंत नेली. नवरीनं माप ओलांडलं. सावित्रीबाईंनी गाठ सोडली. शेला गरम लागला म्हणून त्यांनी हात झटकला.

मग थांबणं आलं. पतिराम बोनेट उघडून उभा राहिला. पंगती बसल्या, उठल्या. दर थोड्या वेळानं तो लोखंडाला बोट लावायचा आणि मागे घ्यायचा. जाळीतून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी वाफेनं फुगून मऊ झाली होती. ती त्यानं सुतळीनं आवळून बांधली. इंजिन निवलं तेव्हा त्यानं पाणी भरलं, मंगलीला उचलून आणून बसवलं, दुर्पताला तिच्या बाजूला कोंबलं, आणि निघाला. दुपार कलली होती.

पुढचं मला दुर्पतानं सांगितलं. तिनं एकदाच सांगितलं, आणि मी एकदाच विचारलं.

मुरदोलीच्या जंगलापर्यंत गाडी वाऱ्यासारखी गेली. मंगलीला गार वाऱ्यानं जरा बरं वाटलं. ती म्हणाली, "गाडीत बसासाठी एवढं करा लागलं." पतिराम हसला. गोरेगाव मागे पडलं, आणि थोड्याच वेळात नळी फाटली. पाणी रस्त्यावर सांडलं, वाफेचा लोट उठला, काचेतली रेघ टोकाला भिडली. पतिरामनं गाडी थांबवली, तोंड वाऱ्याकडे करून. दुर्पताच्या लुगड्याची पट्टी फाडून त्यानं नळी बांधली. रस्त्यालगतच्या विहिरीवरून डबा भरून पाणी आणलं. आणि डबा गाडीजवळ ठेवून उभा राहिला.

"थांबला काऊन?" दुर्पता ओरडली. "पानी टाक ना!"

"तपलं हाये. थंडं पानी टाकलं तं इंजन फुटते."

"फुटू दे!"

"फुटलं तं गोंदियाले कशानं जाशीन, मावशी?"

"मंग तसाच चाल. जाते तिथवर जाऊ दे!"

"बिनपान्याची नाई जात. जाम होते. मंग जागची हालत नाई."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. दुर्पतालाही ते पटलं, असं ती म्हणाली. रस्त्यानं कोणी आलं नाही, एक गाय तेवढी गेली. पतिराम एक हात मंगलीच्या कपाळावर ठेवायचा आणि दुसरा इंजिनावर. कपाळ गार होत गेलं आणि इंजिन तापलेलंच राहिलं. मंगलीनं दोनदा पाणी मागितलं. त्यानं डब्यातलं दिलं. तिसऱ्यांदा तिनं मागितलं नाही.

दुर्पतानं नाडी पाहिली आणि ती रडायला लागली. पतिरामनं इंजिनाला बोट लावलं. आता ते टेकवता येत होतं. त्यानं टोपण काढलं, डब्यातलं उरलेलं पाणी हळूहळू आत ओतलं, विहिरीवरून आणखी एक डबा आणून ओतला, टोपण लावलं, हॅंडल मारलं. गाडी चालू झाली. मग तो गोंदियाकडे निघाला.

"आता गोंदियाले कायले?" दुर्पता म्हणाली.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. त्यानं गाडी वळवली आणि गावाकडे आणली. दुर्पता म्हणाली, येताना त्यानं एकदाही मंगलीकडे पाहिलं नाही. तो त्या लाल रेघेकडेच पाहत होता, आणि ती घरापर्यंत मधात होती.

चौथ्या दिवशी पतिराम कामावर हजर झाला. यादोरावांनी चारचौघांत त्याच्या पाठीवर हात ठेवला. "दुसरा कोणी असता तर इंजिन फोडून आला असता. एवढ्या दुःखातही ह्यानं गाडी सांभाळली." त्याला धोतरजोडी दिली. पतिराम म्हणाला, "हो मालक." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ज्याला संताप यायला हवा होता तो धोतराची घडी नीट करत होता. मी घरी येऊन जेवलो नाही. तो जेवला असेल.

नवी नळी बसवायला गाडी गोंदियाला नेली तेव्हा शाळेच्या पाट्या आणायला मीही बरोबर गेलो. मुन्नालाल मिस्त्री गाडीखाली आडवा पडून काम करत होता. त्याला मंगलीचं काही माहीत नव्हतं. फाटकी नळी हातात घेऊन त्यानं विचारलं, "ये कहाँ फटी?" पतिरामनं सांगितलं, गोरेगावपुढे. "तो रुके काहे को?" मुन्नालाल म्हणाला. "आठ-नौ मील ही तो बचा था. इसका लोहा मोटा है, बिना पानी के भी घसीट के ले आती. बाद में हम देख लेते."

मी पतिरामकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. त्यानं विचारलं, "पक्का?" मुन्नालाल हसला. "पक्का तो भगवान जाने. पर हम होते तो नहीं रुकते."

परत येताना पतिराम बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यानंतर तो कामापुरतं बोलायचा. त्याच्या घरच्यांनी दुसरं लग्न सुचवलं, त्यानं मान हलवली, आणि ती होकाराची की नकाराची हे कोणाला कळलं नाही, म्हणून विषय तसाच राहिला. तो रडला नाही, दारूला लागला नाही, देवाला शिव्या दिल्या नाहीत. सकाळी गाडी पुसायची, पाणी बघायचं, संध्याकाळी पाणी काढायचं. थंडीत गोणपाट बांधायचं, होळी झाली की सोडायचं. पाणी उकळलं की तो कोणासाठीही थांबायचा. एकदा मालकांची कोर्टाची तारीख चुकली. मालकांनी तोंडाला येईल ते सुनावलं, तरी तो बोट टेकेपर्यंत थांबला. माणूस जिवंत आहे की नाही हे त्याच्याकडे पाहून सांगता येत नव्हतं. मला त्याचा राग यायचा. का, ते मला नीट सांगता येत नाही. त्यानं एकदा ओरडावं असं मला वाटायचं.

मग लढाई आली, पेट्रोल मिळेनासं झालं, आणि गाडी गोठ्याशेजारच्या छपरात पडून राहिली. पतिराम पुन्हा दमणी हाकायला लागला. तरी मोटार पुसायचं त्यानं सोडलं नाही. लढाई संपल्यावर यादोरावांनी ती गोंदियाच्या एका राईस मिलवाल्याला विकली. पोचवून द्यायची होती. माझी बदली झाली होती आणि मला गोंदियाहून आगगाडी धरायची होती, म्हणून माझी वळकटी मांडीवर घेऊन मी त्याच्या शेजारी बसलो.

पुन्हा उन्हाळाच होता. पडून पडून जाळी सडली होती, ठिकठिकाणी डाग दिलेले. मुरदोलीच्या चढालाच पाणी गळायला लागलं. पतिराम तिथं थांबला, इंजिन निवू दिलं, पाणी भरलं. नेहमीसारखंच. गोरेगाव मागे पडलं आणि रेघ पुन्हा वर चढली. टोपणातून वाफ सुटली. पुढे ती विहीर दिसली. मी म्हटलं, "थांब, पतिराम, विहीर आली."

तो थांबला नाही.

मला वाटलं त्यानं ऐकलं नाही. मी मोठ्यानं म्हटलं, "अरे, उकळलं!" त्यानं पाय आणखी दाबला. विहीर मागे गेली. वाफ आमच्या तोंडावर येत होती, समोरची काच धुरकट झाली. थोड्या वेळानं वाफही संपली, म्हणजे आत पाणी उरलंच नव्हतं. तेल जळाल्याचा वास यायला लागला. इंजिन आतून हातोडीनं ठोकल्यासारखं ठोकायला लागलं. मी त्याचा हात धरला. तो हात लाकडासारखा होता. वाटेतलं कारंजा गाव गेलं. गोंदियाची घरं लागली. राईस मिलचा रस्ता उजवीकडे होता, तो त्यानं सोडला, आणि बाजारातून माणसं बाजूला होत असताना गाडी सरळ नेऊन दवाखान्याच्या फाटकात उभी केली.

त्यानं बटण बंद केलं. इंजिन इतकं तापलं होतं की बटण बंद करूनही ते काही वेळ आपोआप चालत राहिलं, मग थांबलं. दवाखान्याचा दरवान धावत आला आणि विचारायला लागला, "मरीज कहाँ है?"

पतिरामनं त्याच्याकडे पाहिलं नाही. दोन्ही हात चाकावर तसेच होते.

"पोचली असती, मास्तर," तो म्हणाला.

मला रडू आलं. त्याला आलं नाही. दरवान पुन्हा विचारत होता, आणि मी त्याला हातानं नाही म्हणून खूण केली.